पान उलटून पाहा

पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसायला लागतो. कळ्या न उमलताच गळतात, कोवळी पानं आक्रसतात, खालच्या पानांवर चिकट थर साचतो आणि त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. हा पिठ्या ढेकूण. मुंबईची गॅलरी असो, पुण्याची गच्ची असो की नागपूरचं अंगण, बाग करणाऱ्या प्रत्येकाची त्याच्याशी कधी ना कधी गाठ पडते. मग दुकानातून औषधाची बाटली येते, झाड निथळेपर्यंत फवारणी होते, दोन-चार दिवस बरं वाटतं आणि पंधरा दिवसांत कापूस पुन्हा हजर होतो.

बाटली उघडण्याआधी त्या कापसाकडे पाच मिनिटं नीट पाहिलं, तर कधी कधी त्यात एक वेगळा जीव सापडतो. तो ढेकणाहून मोठा असतो, अंगावर मेणाचे लांब पांढरे दोरे असतात आणि मुख्य म्हणजे तो भराभर चालतो. ढेकूण एकदा सोंड रुतवून बसला की जागचा फारसा हलत नाही. हा चालणारा जीव म्हणजे क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी. ती ढेकणाचंच रूप घेऊन ढेकणांत वावरते आणि त्यांची अंडी-पिल्लं खाते. वाढ पूर्ण होईपर्यंत एकेक अळी शेकडो पिल्लं फस्त करते. पुढे तिचा जो भुंगेरा होतो, तो काळपट पाठीचा आणि नारिंगी डोक्याचा असतो, फार तर चार मिलिमीटर लांब. हा कीटक मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कॉफीवरच्या खवले किडीचा बंदोबस्त करण्यासाठी १८९८ साली तो भारतात आणला गेला. त्या कामात त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण दक्षिणेत तो रुजला आणि पिठ्या ढेकणांचा काळ ठरला. आज जैविक प्रयोगशाळांत लाल भोपळ्यांवर ढेकूण वाढवतात, त्या ढेकणांवर क्रिप्टोलेमस पोसतात आणि हे भुंगेरे द्राक्षबागांमध्ये सोडतात.

घरच्या बागेत मात्र हा पाहुणा आपणहून येतो आणि बहुतेक वेळा पहिल्याच फवारणीत मरतो. ढेकणाच्या अंगावर मेणाचं कवच असतं, त्याची अंडी कापसाच्या पिशवीत सुरक्षित असतात. उघड्यावर फिरणाऱ्या मित्रकीटकाला असा आडोसा नसतो. औषधाने आधी तो जातो, ढेकूण मागे उरतो. कापूस पुन्हा दिसतो त्याचं एक मोठं कारण हे आहे.

बागेतल्या किडींचा प्रश्न फवाऱ्यापासून सुरू होत नाही. झाड कोणतं निवडलं, कुठे लावलं, त्याला पाणी किती घातलं आणि त्याच्यावर कोण कोणाला खातंय हे पाहिलं का, इथून तो सुरू होतो. या चार गोष्टी सांभाळल्या तर फवारणीची वेळ क्वचितच येते. हे बोलणं भाबडं वाटू नये म्हणून गेल्या पंधरा-वीस वर्षांत भारतातच घडलेल्या दोन गोष्टी पाहायला हव्यात.

पहिली गोष्ट पपईची. २००८ साली तमिळनाडूत कोइम्बतूरला पपईवर एक अनोळखी पिठ्या ढेकूण आढळला. त्याचं मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत. तिथून तो आधी कॅरेबियन बेटांत आणि मग जगभर पसरला. पपईबरोबर तुती, टॅपिओका, जास्वंद, चाफा, इतकंच काय, रस्त्याकडेचं गाजरगवतसुद्धा त्याला चालतं. दोन वर्षांत तो पुण्यापर्यंत पोहोचला. महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांमध्ये खोडापासून फळापर्यंत पांढरा लेप चढलेली झाडं उभी राहिली. शेतकऱ्यांनी औषधं बदलून बदलून मारली, खर्च वाढत गेला, ढेकूण हटला नाही. या किडीचे मूळ देशातले शत्रू तिच्याबरोबर आलेलेच नव्हते, म्हणून इथे तिला मोकळं रान मिळालं होतं.

बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संस्थेने मग त्या शत्रूंचाच शोध घेतला. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीने प्युर्टो रिकोहून २०१० साली तीन जातींच्या चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाश्या आणल्या गेल्या. भारतातल्या इतर उपयोगी कीटकांना त्यांच्यापासून धोका नाही ना, याची बंदिस्त जागेत तपासणी झाली आणि त्याच वर्षी त्या शेतांत सोडल्या. त्यांतली असेरोफॅगस पपाये ही सर्वांत गुणी निघाली. तिची लांबी एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. ती ढेकणाच्या पिल्लाच्या अंगात अंडं घालते, अंड्यातून निघालेली अळी त्याला आतून खाते आणि शेवटी त्याचं तपकिरी, फुगीर टरफल मागे राहतं. त्यावरचं बारीक गोल भोक म्हणजे नवी माशी बाहेर पडल्याची खूण. काही महिन्यांतच माश्या सोडलेल्या भागांतली कीड झपाट्याने ओसरली. ज्या बागांत फवारण्या थांबल्या, तिथे हे काम लवकर झालं. आज एखाद्या पपईवर पांढरे ठिपके दिसले, तर त्यांत अशी भोकं पडलेली टरफलं आहेत का हे आधी शोधावं. असतील तर तो फवारा कपाटातच राहू द्यावा.

दुसरी गोष्ट नारळाची. २०१६ साली तमिळनाडूतल्या पोल्लाचीत नारळाच्या झावळ्यांखाली गोल गोल चक्राकार अंडी घालणारी एक नवी पांढरी माशी सापडली. रुगोज चक्राकार पांढरी माशी असं तिचं लांबलचक नाव आहे. केरळ, कर्नाटक, गोवा आणि कोकण किनारपट्टीपर्यंत ती पसरली. झावळ्या काळ्या पडल्या, खालच्या केळी, पेरू, सोनचाफ्याचीही पानं काळी झाली आणि बागायतदार हवालदिल झाले. इथे शास्त्रज्ञांचा सल्ला ऐकणाऱ्याला चकित करणारा होता: कीटकनाशक मारू नका. कारण एन्कार्सिया नावाची परोपजीवी माशी या किडीच्या मागोमाग निसर्गतःच आलेली आढळली होती आणि फवारणी न केलेल्या बागांत ती जोमाने वाढत होती. झावळीवर पाण्याचा जोरदार फवारा मारा, पिवळे चिकट सापळे लावा, एन्कार्सिया असलेल्या झावळीचे तुकडे नव्या बागेत नेऊन बांधा, हा कार्यक्रम होता. परसात दोन माड असलेल्या माणसालाही तो जमण्यासारखा आहे.

या दोन्ही उदाहरणांत काही न करणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हतं. रोज पाहणं, मोजणं आणि थांबणं, हे कष्टाचं काम होतं.

आता झाडांच्या निवडीकडे. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिकांची रांग लागते. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे टेम्पो भरून रोपं जातात. गिऱ्हाईक येतं ते फूल पाहून. शेडनेटच्या सावलीत, रोजच्या खतपाण्यावर आणि आठवड्याच्या फवारणीवर वाढलेलं झाड तिथे टवटवीत दिसतं. तेच दक्षिणेकडच्या, भाजून काढणाऱ्या गॅलरीत आलं की महिनाभरात मान टाकतं. दुबळ्या झाडावर कीड आधी येते, म्हणून दोष किडीच्या माथी जातो. खरी चूक झालेली असते ती आपल्या जागेत ऊन किती तास पडतं हे न पाहता केलेल्या खरेदीत. हे पाहायला यंत्र लागत नाही. सुट्टीच्या एका दिवशी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी गॅलरीत डोकावलं तरी पुरतं. ऊन उत्तरायणात आणि दक्षिणायनात जागा बदलतं, एवढं ध्यानात ठेवावं.

पाच-सहा तास ऊन मिळत असेल तर गुलाब, मोगरा, जास्वंद, मिरची, टोमॅटो यांचा विचार करावा. मोगरा सावलीत जगतो, पण फुलत नाही. फुलत नाही म्हणून त्याला खत घातलं जातं, खताने नुसती कोवळी पालवी फुटते आणि त्या पालवीवर लाल कोळी आणि मावा बसतात. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊनच असेल तर पानओवा, पुदिना, अळू, ब्राह्मी, विड्याचा वेल, अबोली, गवती चहा ही मंडळी आनंदात राहतात. गवती चहाला ऊन जास्त मिळालं तर तो अधिक खूश. विदर्भ-मराठवाड्यातल्या कडक उन्हाला आणि जड पाण्याला बोगनवेल, कण्हेर, तगर, सदाफुली, अडुळसा, कोरांटी पुरून उरतात. कोकणात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याशी ज्याला झुंजायचं आहे, त्या कुंपणावर उंडी, पारोसा भेंड, सुरंगी यांसारखी किनाऱ्याचीच झाडं हवीत. तिथे थंड हवेतला गुलाब जोपासायचा हट्ट धरला, तर पावसाळाभर काळ्या ठिपक्यांची बुरशी पुसत बसावं लागतं.

देशी झाडांना कीड लागत नाही, असा एक समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. देशी झाडावर भरपूर किडे असतात, कारण इथल्या किड्यांना ते ओळखीचं असतं. फरक एवढाच की त्या किड्यांना खाणारे पक्षी, कोळी, चतुर आणि गांधीलमाश्याही तितक्याच ओळखीच्या असतात. त्यामुळे पानं खाल्ली जातात, झाड मरत नाही. खरा धोका एकाच जातीची झाडं ओळीने लावण्यात आहे. मुंबईने तो सोसला. मूळ अमेरिका खंडातला पर्जन्यवृक्ष शहराच्या रस्त्यांवर दुतर्फा लावलेला आहे. सावलीला उत्तम, दिसायला देखणा. गेल्या दशकात त्याच्यावर पिठ्या ढेकणाचा मोठा हल्ला झाला आणि शेकडो जुने वृक्ष वाळले. बुंध्याभोवती सिमेंट, मुळांवर खोदकाम आणि शेजारी पुन्हा तेच झाड. किडीला एका फांदीवरून दुसरीवर जायला काही अडसरच नव्हता. घरच्या बागेला हाच नियम लागू आहे. दहा कुंड्यांत दहा जास्वंदी असतील तर एक आजारी पडली की दहाही पडतात. जास्वंदीशेजारी तगर, तिच्याशेजारी झेंडू, मध्ये एक शेपूची कुंडी, अशी मिसळ असली तर किडीची वाट अडते.

भाजीच्या बाबतीत झाडाइतकीच त्याची जातही महत्त्वाची. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, पुढे फळंही पिवळी निघतात. शेतकरी याला केवडा किंवा हळद्या म्हणतात. हा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि एकदा झाडात शिरला की त्यावर औषध नाही. झाड उपटून टाकणं एवढंच उरतं. पण मराठवाडा कृषी विद्यापीठाने भेंडीचा तिच्या एका रानटी भावंडाशी संकर करून या रोगाला दाद न देणारा ‘परभणी क्रांती’ हा वाण तयार केला आणि तो घराघरांत पोहोचला. त्याआधी दिल्लीच्या ‘पुसा सावनी’ वाणाचं नाव होतं, पण त्याची प्रतिकारशक्ती काही वर्षांत ओसरली. परभणी क्रांतीचीही धार पुढे कमी झाली, कारण विषाणूही बदलत राहतो. बंगळूरच्या ‘अर्का अनामिका’सारखे वाण त्यानंतर आले. टोमॅटोतही पानं आकसवणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि करपा या तिन्हींना तोंड देणारा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण तिथूनच आला. बियाण्याच्या पाकिटावर वाणाचं नाव वाचणं हे रोगनियंत्रणातलं सर्वांत स्वस्त काम आहे, आणि तेच बहुतेकजण टाळतात.

गच्चीवरच्या बागेची चर्चा मुंबईच्या संदर्भात निघाली की दोन नावं येतात. डॉ. आर. टी. दोशी यांनी रसवंतीतली उसाची चिपाडं, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांवर गच्चीत भाजी पिकवण्याची पद्धत लोकांना शिकवली. तिच्या आधाराने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर, प्रीती पाटील यांच्या पुढाकाराने, २००२ च्या सुमारास बाग उभी राहिली. भटारखान्यातला रोजचा भाजीपाल्याचा कचरा वर जायचा आणि त्यावर सुमारे ३००० चौरस फुटांत भाज्या आणि फळझाडं वाढायची. याच विचाराची जुनी मुळं कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारात सापडतात. गणिताच्या या प्राध्यापकाने पानाचं क्षेत्रफळ आणि त्यावर पडणारं ऊन यांचा हिशेब मांडून लहान जागेतल्या शेतीचं शास्त्र सांगितलं. या सगळ्यांत समान असलेली गोष्ट म्हणजे जिवंत माती. कुजलेल्या पालापाचोळ्याच्या मातीत रोगट बुरशीला खाणाऱ्या, तिची जागा बळकावणाऱ्या उपयोगी बुरशी आणि जिवाणू मुबलक असतात. बाजारात मिळणारं ट्रायकोडर्मा ही त्यांतलीच एक बुरशी. चांगल्या कंपोस्टमध्ये मिसळून ती कुंडीत घातली तर रोपं कोलमडण्याचं आणि मुळं कुजण्याचं प्रमाण कमी होतं. नुसत्या कोरड्या मातीत टाकली तर ती पैशांची माती ठरते, कारण तिलाही खायला काही लागतं.

मुळं कुजण्याचं मुख्य कारण मात्र बुरशी नव्हे, तर पाणी. घराघरांत तुळस मरते ती बहुधा याच कारणाने. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालण्याचा नेम असतो, आणि तो श्रावणातल्या संततधारेतही चुकत नाही. कुंडीच्या तळाचं भोक बुजलेलं असतं, खाली बशी असते आणि मुळांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. पानं पिवळी पडतात तेव्हा पाणी आणखी वाढवलं जातं. भक्तीला बाधा न आणता उपाय होऊ शकतो: पावसाळ्यात चमचाभर पाण्याने नेम पाळावा, मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात आणि खुडलेल्या मंजिऱ्यांतून नवी रोपं करून ठेवावीत. बी धरलं की तुळशीचं आयुष्य उताराला लागतं. ते झाडाचं वयच आहे. तुळशीची पानं गोळा होऊन खालून काळ्या ठिपक्यांनी भरली असतील, तर जाळीदार पंखांचे बारीक ढेकूण तिचा रस शोषत आहेत असं समजावं. आजारी शेंडे खुडून टाकावेत आणि पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारावा. पान खायचं असल्याने तिथे दुसरं काही मारू नये.

पाण्याचा जोरदार फवारा हे घरच्या बागेतलं पहिलं औषध. मावा एकदा झाडावरून पडला की बहुतेक वेळा परत चढू शकत नाही. लाल कोळ्याला ओलावा सोसत नाही. पिठ्या ढेकणासाठी जुना दात घासायचा ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं. त्याबरोबर मुंग्यांकडे लक्ष हवं. ढेकूण आणि मावा यांच्या अंगातून पाझरणारा गोड रस मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या त्यांना राखतात आणि ढालकिडे, परोपजीवी माश्या आल्या की हुसकावून लावतात. झाडाच्या बुंध्यावर चढणारी मुंग्यांची रांग दिसली की वरती पाहावं, कीड सापडतेच. कुंडी पाण्याच्या थाळीतल्या विटेवर ठेवली किंवा खोडाला चिकट पट्टी गुंडाळली, तर रांग तुटते आणि मित्रकीटकांना काम करता येतं. थाळीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायला विसरू नये, नाहीतर डासांची सोय होते.

यानंतरही कीड आवरली नाही, तर कडुनिंब आहे. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडीला पटकन मारत नाही. ते तिची भूक मारतं आणि तिला कात टाकू देत नाही, त्यामुळे पिल्लं वाढतच नाहीत. फवारल्यावर दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसते आणि लोक म्हणतात, कडुनिंबाचा काही उपयोग नाही. आठवडाभर थांबायला हवं. सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांचा गर ५० ग्रॅम घेऊन कुटावा, पुरचुंडीत बांधून रात्रभर पाण्यात भिजवावा, सकाळी पिळून गाळावा, पाणी एक लिटर करावं आणि चिमूटभर साबणाचा चुरा घालावा. हा पाच टक्के निंबोळी अर्क. तेल वापरायचं तर लिटरला पाच मिलिलिटर, साबणाच्या द्रावणात आधी नीट घुसळून. फवारणी संध्याकाळी करावी, कारण हे द्रव्य उन्हात लवकर नष्ट होतं आणि तेलाने दुपारी पानं भाजतात. पानांची खालची बाजू भिजली नाही, तर सगळी मेहनत वाया जाते.

या ज्ञानावर मालकी सांगण्याचा प्रयत्नही झाला. निंबतेल बुरशीवर चालतं, या गोष्टीचं पेटंट युरोपियन पेटंट कार्यालयाने अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीला दिलं होतं. त्याला भारतातून आणि युरोपातून आव्हान दिलं गेलं. २००० साली ते पेटंट रद्द झालं आणि २००५ साली अपिलातही तोच निकाल कायम राहिला. या लढ्यात पुढे आलेल्या पुराव्यांत १९८५ आणि १९८६ सालच्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत झालेल्या शेतचाचण्यांचा समावेश होता. महाराष्ट्रातल्या शिवारात घडलेल्या कामाने म्युनिकमधल्या त्या पेटंट कार्यालयाचा निकाल फिरवायला मदत केली, ही गोष्ट इथल्या शाळांत सांगायला हवी.

बुरशीच्या रोगांत काकडी, दोडका, भोपळा आणि गुलाबावर येणारी भुरी घरच्या घरी आवरता येते. ब्राझीलमध्ये वॅग्नर बेट्टिओल यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाण्यात मिसळलेल्या गाईच्या दुधाच्या साप्ताहिक फवारणीने भुरी चांगली आटोक्यात आली होती. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, सकाळच्या उन्हात. आपल्याकडे आंबट ताक फवारण्याची रीत आहेच. भुरी नुकती दिसू लागली असतानाच याचा उपयोग होतो. पान पांढरंशुभ्र झाल्यावर ते काढून टाकणंच बरं.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असं मात्र कोणी समजू नये. तंबाखूचा काढा हा अनेक घरगुती कृतींत सांगितला जातो. त्यातलं निकोटिन मधमाश्यांना मारतं, माणसाच्या कातडीतून शरीरात जातं आणि तंबाखूबरोबर येणारा विषाणू टोमॅटो-मिरचीला लागू शकतो. दशपर्णी अर्कात कण्हेर, रुई, एरंड यांची पानं घालतात. ती विषारी आहेत. कोथिंबिरीवर किंवा पालकावर तो मारणं अविचाराचं आहे. रासायनिक औषधांबद्दल तर बोलायलाच नको. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसजणांच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेतात, मोकळ्या हवेत ही गत झाली. बंद गॅलरीत, बाळाच्या दुपट्यांशेजारी, तोंडाला रुमालही न बांधता तशाच औषधांची बाटली वापरणाऱ्यांनी हे विसरू नये.

काही किडी तर किडी म्हणाव्यात की नाही, असा प्रश्न पडावा. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते. डिवचलं की ती डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पुढे ती हिरवी होते, आठवड्याभरात रोप अर्धं बोडकं करते आणि बहुतेक घरांत चिमट्याने उचलून फेकली जाते. ती लिंबू फुलपाखराची किंवा त्याच्या जवळच्या नातलगाची अळी असते. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, याच लिंबू कुळातल्या झाडांवर वाढते. सोनचाफ्यावर आणि सीताफळावर तशीच आणखी एका फुलपाखराची अळी असते. जोमदार कढीपत्ता महिनाभरात पुन्हा पालवतो. रोप अगदीच लहान असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात. राज्याने ज्याला मान दिला, त्याच्या पिल्लांना चार पानं द्यायला कोणाची हरकत नसावी.

शंखी गोगलगाईला मात्र दया नको. आफ्रिकेतली ही गोगलगाय १८४७ साली मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली आणि आज देशभर पसरली आहे. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबादकडे तिने सोयाबीनची उगवती रोपं फस्त केली. बागेत गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी टाकून ठेवावं. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून उचलाव्यात आणि मिठाच्या पाण्यात बुडवाव्यात. उघड्या हाताने धरू नये, कारण तिच्यातून माणसाला बाधणारे जंत येऊ शकतात. आंबा, पेरूसारख्या फळझाडांवरच्या फळमाशीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक सापळा’ आहे. त्यातल्या गंधाने नर माश्या ओढल्या जातात आणि फळाला औषधाचा थेंबही लागत नाही.

आणि मित्रकीटकांना खायला काही ठेवायला हवं. परोपजीवी माश्यांचं पोट मधावर भरतं, आणि त्यांची तोंडं इतकी लहान की त्यांना बारीक फुलंच चालतात. म्हणून एखादी कोथिंबीर, एखादा शेपू, एखादी बडीशेप कापून न टाकता फुलू द्यावी. कडेला चवळीचे दोन वेल असावेत. त्यांच्यावर मावा येतो, माव्यावर ढालकिडे येतात आणि तिथून ते बाकीच्या बागेत पसरतात. झेंडू तर हवाच. त्याच्या मुळांतून पाझरणारं द्रव्य मातीतल्या सूत्रकृमींना आवर घालतं.

या सगळ्या किडी एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचतात त्या मुख्यतः रोपांबरोबर. म्हणूनच देशाबाहेरून बी, फांदी किंवा कंद सामानात लपवून आणणं कायद्याने मना आहे. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या नातलगांनी प्रेमाने आणलेली मुळी, तिथल्या बागेतलं आवडतं बी, परवान्याशिवाय येऊ नये. पपईवरचा ढेकूण काय करून गेला हे आपण पाहिलं आहे. देशातल्या देशातही तेच. दिवाळीत आता मिठाईबरोबर कुंडीतलं रोप भेट देण्याची चांगली प्रथा रुळते आहे. असं रोप घरी आलं की त्याला पंधरा दिवस बाकीच्या झाडांपासून दूर ठेवा, पानांची खालची बाजू आणि खोडाचे बेचके तपासा, कुंडीतली माती उकरून गोगलगाईची अंडी नाहीत ना ते बघा आणि मगच त्याला बागेत जागा द्या.